मुकादमाची मोजणी

घरच्या मैदानावर कॉलेजचा बास्केटबॉल संघ पुन्हा एका गुणाने हरला, तेव्हा मुकादमाने डोक्यावरची टोपी काढून पायरीवर आपटली. मग वाकून ती स्वतःच उचलली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. या मोसमात टोपीची ही गत इतक्यांदा झाली होती, की शेजारच्यांनी आता वळून बघणंही सोडून दिलं होतं.

"अडतीस मिनिटं राजासारखं खेळायचं आणि शेवटची दोन मिनिटं भिकाऱ्यासारखी," शिंपी म्हणाला. हा शिंपी वर्षानुवर्षं मुकादमाच्या डाव्या हाताला बसत आलेला. संघाच्या जर्सीवर आकडे शिवून देण्याचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे पोरांच्या पाठी आपल्याच मालकीच्या आहेत असं त्याला वाटे. "बॉल त्या डावऱ्याच्या हातात. तो आपला उभ्या जागी टपटप करतोय. बाकीचे चौघे लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे इकडून तिकडे. आणि मग मागून कुणीतरी चिमटा काढल्यासारखा तो बॉल भिरकावून देतो! याला काय खेळ म्हणायचा? या पोरांना कुणी काही शिकवलंय की नाही?"

एवढं बोलून शिंप्याने जीभ चावली. आजूबाजूचे चार जणही मुकादमाच्या तोंडाकडे बघू लागले, कारण पोरांना शिकवणारा कोच म्हणजे मुकादमाचा सख्खा जावई.

"बोला की," मुकादम म्हणाला. "माझ्या तोंडाकडे काय बघता? जावई तो माझ्या घरात. इथे तो कोच आहे, आणि शेवटच्या मिनिटाला काय करायचं हे त्याला काडीचं कळत नाही. झालं समाधान?"

लोकांना हे फार आवडत असे. मुकादमालाही आवडत असे, खोटं कशाला बोला. सासरा असून जावयाची बाजू घेत नाही, केवढा सरळ माणूस, असं कुणी म्हणालं की त्याची छाती नकळत दोन बोटं पुढे येई.

मुकादम हा खराखुरा मुकादम होता. अवजड यंत्रं, तिजोऱ्या, छापखान्यातले जुने राक्षस एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या. पहारी लागल्या, दोर आवळले, माणसांनी खांदे दिले, की मोजायचं काम त्याचं. उलटं मोजत त्याच्या तोंडून 'एक' निघालं की सगळ्यांनी मिळून जोर लावायचा. या कामाचे त्याचे दोन नियम होते. पहिला, मोजणाऱ्याने ओझ्याकडे बघायचं नाही, माणसांकडे बघायचं. दुसरा, ओझं जितकं जड तितका आकडा भरभर घ्यायचा. कारण उचलायच्या आधी माणसाला विचार करायला सवड मिळाली, की त्याच्या पाठीत भीती शिरते आणि पाठ कच खाते. हे दोन नियम पाळून त्याने आजवर कुणाचं बोटसुद्धा चिरडू दिलं नव्हतं.

मॅचमध्ये मोजायची प्रथाही त्यानेच पाडली. कॉलेजच्या त्या हॉलमध्ये दोन भिंतींवर दोन मोठी घड्याळं होती. त्यांतलं स्टँडच्या डोक्यावरचं घड्याळ दोन-तीन वर्षांपूर्वी बंद पडलं आणि बंदच राहिलं. दुरुस्तीला माणूस येणार, येणार, असं कॉलेज म्हणत राहिलं. उत्तरार्धात आपला संघ याच स्टँडच्या बाजूच्या बास्केटवर चढाई करतो, म्हणजे चालू घड्याळ नेमकं पोरांच्या पाठीमागे. वेळ बघायला मान वळवली, की तेवढ्यात समोरचा बॉल काढून नेणार. तेव्हा मुकादम एकदा ताडकन उठला, समोरच्या घड्याळात दहा सेकंद दिसल्याबरोबर मैदानाकडे पाठ करून स्टँडकडे वळला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "दहा!" स्टँडने उचलून धरलं. तेव्हापासून अटीतटीच्या मॅचमध्ये शेवटचे दहा आकडे मुकादमाचे. तो माणसांकडे बघे, माणसं बॉलकडे बघत, आणि घड्याळाकडे बघायची मग कुणाला गरजच उरत नसे.

'एक' झाल्यावर भोंगा वाजायला हवा. तो काही वेळेवर वाजत नसे. पोराने फेकलेला बॉल बास्केटच्या कडीला लागून उडे, त्यावर झोंबाझोंबी होई, कधी समोरचे धावत जाऊन आणखी एक बास्केट करून येत, आणि मग कुठे भोंगा. टेबलावर बसून तो वाजवणाऱ्या माणसाला स्टँडने कुंभकर्ण असं नाव ठेवलं होतं. "कुंभकर्णा, ऊठ!" असं सगळे ओरडत, आणि तो बिचारा खाली मान घालून कागद आवरत असे.

तर त्या पराभवानंतरच्या सोमवारी क्रीडाप्रमुखांनी जुन्याजाणत्या प्रेक्षकांपैकी पाच जणांना आपल्या खोलीत बोलावलं. क्रीडाप्रमुख हे कधीही मॅच शेवटपर्यंत न बघणारे गृहस्थ. गाड्यांच्या गर्दीत अडकायला नको म्हणून ते पाच मिनिटं आधीच निघत. खोलीत एक लोखंडी कपाट, त्यावर धूळ बसलेले चषक आणि पाच माणसांना चार खुर्च्या. शिंपी उभा राहिला.

"कोचचं काय करायचं ते व्यवस्थापन ठरवतंय," क्रीडाप्रमुख म्हणाले. "तुम्ही रोजचे बघणारे. तुमचं मत काय? बदलावा असं कुणाकुणाला वाटतं?"

शिंपी आपल्या बोटांकडे बघत होता. सगळ्यांची नजर फिरून फिरून मुकादमावर येत होती, आणि ती नजर त्याला ओळखीची होती. खांदे देऊन झाल्यावर टोळी त्याच्याकडे अशीच बघते. त्याने हात वर केला. मग बाकीचे चार हात भराभर वर आले.

"सासऱ्यानेच हात वर केला म्हटल्यावर प्रश्नच मिटला," क्रीडाप्रमुख म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरचा आदर होता. "शनिवारी घरची शेवटची मॅच आहे. ती जिंकली तर ठेवू त्याला. हरली तर नाही."

बाहेर आल्यावर शिंप्याने मुकादमाचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही," तो म्हणाला. मुकादम घरी जाताना खूश होता. जावयाच्या बुडाखाली जरा विस्तव लागला की तो सुधारेल, असंही त्याने स्वतःला समजावलं. घराच्या दाराशी येईपर्यंत मात्र ती खुशी कुठल्या कुठे गेली, आणि लेकीला हे सांगायचं नाही एवढंच त्याच्या मनात पक्कं झालं.

लेक त्याला एकच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जावई कोचगिरीच्या पायी गावोगाव फिरला, त्याच्यामागे लेकही फिरली, आणि तेवढी वर्षं मुकादम एकटाच भिंतींशी बोलत राहिला. मग जावयाला याच कॉलेजात काम मिळालं. लेकीने जवळच्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या, चष्म्याच्या एका दुकानात डोळे तपासायची नोकरी धरली, आणि येता-जाता बापाच्या घरात डोकावू लागली. ती आली की घराला घरपण येई. तिला पुन्हा जावं लागलं तर काय, हा विचार मुकादमाला सुचला नव्हता असं नाही. त्याने तो मनात वर येऊ दिला नाही, एवढंच.

बुधवारी संध्याकाळी ती आली. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवणं हे तिचं काम. कप्पे भरता भरता ती म्हणाली, "बाबा, एक मागू?"

"माग की."

"शनिवारी तुम्ही मोजू नका."

मुकादमाला आधी हसूच आलं. मग तिचा चेहरा बघून ते विरलं. "जावईबापूंनी सांगून पाठवलं वाटतं?"

"तो मेला तरी सांगणार नाही. मी सांगतेय. बाबा, तुम्ही फार जलद मोजता. मी मोबाइलवर मॅच पुन्हा बघितली. तुमचा 'एक' होतो तेव्हा घड्याळात अजून चार सेकंद असतात, कधी पाच. मॅच जितकी अटीतटीची, तितकं जास्त. दाखवू?"

"त्या मोबाइलचं मला नको सांगू. त्यात आवाज पुढेमागे होतो."

"मग डोळ्यांनी बघा शनिवारी. ते तुम्हाला वाटतं ना, डावरा नुसता उभा राहतो? त्या खेळीत पाच पास आहेत. पाचव्या पासाला कोपऱ्यातला पोरगा मोकळा होतो आणि तिथून मारायचं. सरावात दहातून सात वेळा जमतं त्यांना. इथे दुसऱ्याच पासाला तुमचं 'तीन' कानावर येतं आणि पोरगं घाबरून जिथे असेल तिथून फेकतं. तुम्हाला वाटतं याला डावच आखता येत नाही. अहो, तो आखलेला डाव तुम्ही कधी पुरता बघितलाच नाही!"

"मग पोरांना सांगावं ना त्याने, ऐकू नका म्हणून."

"सांगितलंय. पण सगळा स्टँड बोंबलत असताना कान कुठे काढून ठेवायचे त्यांनी? घड्याळ दुरुस्त करा म्हणून कॉलेजच्या मागे लागून थकला तो. आणि मला सांगा, बाहेरगावच्या अटीतटीच्या मॅच आपण कशा जिंकतो?"

"बाहेरचे संघ लेचेपेचे असतात."

"बाबा, तेच संघ इथे येऊन आपल्याला हरवून जातात!"

मुकादमाचा पारा चढला. "माझ्या मोजण्यावर माणसांनी पाठी दिल्यात," तो म्हणाला. "डोळे मिटून दिल्यात. आणि तू मला मोजायला शिकवतेस?"

"ते ओझं असतं, बाबा. ओझ्याला घड्याळ नसतं." तिने डबीचं झाकण लावलं. तिचा आवाज आता खाली आला होता. "त्याचं काम गेलं तर आम्हाला जावं लागेल. कुठे, तेही माहीत नाही. मला नाही जायचं. तुमच्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठी. मला दमायला झालंय. एवढं एक ऐका माझं."

"बघू," मुकादम म्हणाला. सोमवारच्या त्या हाताचं सांगायचं असेल तर ती वेळ हीच होती. तो उठला आणि नळ ठिबकतो की काय ते बघायला मोरीत गेला. नळ ठिबकत नव्हता.

शनिवारी हॉल खच्चून भरला. मुकादम मनाशी ठरवून आला होता. मोजायचं तर खरंच, पण या खेपेला स्टँडकडे तोंड करायचं नाही. सरळ समोरच्या घड्याळावर डोळा ठेवून मोजायचं आणि लेकीला दाखवून द्यायचं. तिचं म्हणणं खोटं ठरवण्याचा याहून साधा मार्ग त्याला दिसत नव्हता. लेक पलीकडच्या बाजूला, टेबलाच्या मागच्या रांगेत बसली होती. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मान वळवली.

मॅच व्हायची तशीच झाली. पोरं झकास खेळली, पुढे गेली, मग पाहुण्यांनी गाठलं आणि शेवटी एका गुणाने मागे टाकलं. कोचने वेळ मागून घेतला. पोरांच्या कोंडाळ्यात तो गुडघ्यावर बसला होता, आणि हातातल्या फळीवर डाव काढायच्या ऐवजी त्याने एकेका पोराच्या कानाला हात लावला. मुकादमाने ते बघितलं. काय सांगत असेल ते त्याला कळलं, आणि कळल्याचा रागही आला.

बॉल आत आला. डावऱ्याने तो घेतला. समोरच्या घड्याळात दहा दिसले.

"दहा!" मुकादम ओरडला. हॉल त्याच्यामागून ओरडला.

"नऊ!" घड्याळात नऊ. "आठ!" घड्याळात आठ, अगदी ठाक. बघ म्हणावं, मुकादमाच्या मनात आलं. तेवढ्यात त्याचं तोंड 'सात' म्हणून मोकळं झालं आणि घड्याळात आठच होते. त्याने श्वास धरला. घड्याळ सातावर यायला केवढा वेळ लावत होतं! असं कधी घड्याळ असतं का? डावऱ्याने पहिला पास दिला. मुकादमाच्या छातीत ती जुनी, ओळखीची घाई उसळली, ओझं जड आहे, माणसांना सवड देऊ नकोस. "सहा! पाच!" तो म्हणाला, आणि बघतो तर घड्याळात सातच होते.

तेव्हा त्याला लख्ख कळलं. हातातून पहार निसटून पायावर पडते ना, दुखणं सुरू होण्याच्या आधीचा तो क्षण, तसं झालं त्याला. तो गप्प बसला.

हॉल गप्प बसला नाही. "चार!" शेकडो गळे म्हणाले, त्यानेच लावलेल्या चालीवर, त्याच्यावाचून. मुकादम वळला आणि दोन्ही हात आडवे हलवू लागला. "थांबा! अजून वेळ आहे! थांबा रे!" लोकांना वाटलं तो आणखी जोर मागतोय. "तीन!" शिंपी त्याच्या तोंडावर ओरडला, त्याच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. मुकादमाने त्याचा सदरा धरून त्याला गदागदा हलवलं. शिंपी आनंदाने आणखी मोठ्याने ओरडला, "दोन!"

मुकादम पुन्हा मैदानाकडे वळला तेव्हा तिसरा पास चालू होता. कोपऱ्याकडे धावणारा पोरगा त्याला दिसला. पोरगा मोकळा होत होता, अजून दोन पावलं आणि तो एकटा असणार होता. लेक सांगत होती तो डाव तो पहिल्यांदा बघत होता. आणि तो चांगला होता. इतका चांगला डाव त्याने या हॉलमध्ये बघितला नव्हता.

"एक!"

डावऱ्याने आहे तिथून बॉल फेकला. तो कडीच्या कडेला लागून उडाला आणि पाहुण्यांच्या हातात पडला. मग त्यांच्या पोराने तो छातीशी कवटाळून धरला आणि सगळा हॉल भोंग्याची वाट बघत उभा राहिला. घड्याळात चार, तीन, दोन. मुकादमाने ते शेवटचे आकडे मनात मोजले. प्रत्येक आकड्यात एक पास मावला असता.

"कुंभकर्णा, ऊठ!" लोक ओरडले. मग भोंगा वाजला, आणि मग कुणीतरी "कोच, चालता हो" अशी आरोळी दिली आणि ती मोजणीसारखीच भराभर सगळीकडे पसरली. मुकादमाचा आवाज मात्र तीत नव्हता.

सोमवारी सकाळी तो कामावर गेलाच नाही, थेट क्रीडाप्रमुखांच्या खोलीत गेला. आज खुर्च्या चारही मोकळ्या होत्या, पण तो उभाच राहिला.

"कोचची चूक नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मी जलद मोजतो. पोरं त्यावर फसतात. शनिवारी मी डोळ्यांनी बघितलं. तुम्ही त्या मॅचचं चित्रण लावा, तुम्हालाही दिसेल."

क्रीडाप्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चेहरा सहानुभूतीने भरून आला होता. "मुकादम, बसा. मी समजू शकतो. लेकीचा संसार आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीसुद्धा हेच केलं असतं."

"अहो, लेकीचा काय संबंध? मी खरं सांगतोय."

"मागच्या सोमवारी तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून तर आम्ही मानलं. पोरीचा बाप, तरी हात वर केला. आता कालपरवा घरात रडारड झाली असणार..." त्यांनी हात उडवला. "गंमत बघा. तुमचा जावई काल येऊन गेला. पोरं घाईत बॉल का फेकतात, मी सरळ विचारलं. तो म्हणाला, चूक माझी, शिकवण्यात मी कमी पडलो. मोजणीबद्दल चकार शब्द नाही काढला. आज तुम्ही म्हणता चूक तुमची. तुम्ही दोघं सासरे-जावई एकदा काय ते आपसात ठरवून घ्या!" ते मनापासून हसले. "निर्णय झालाय. पत्र गेलंय."

खाली फाटकाशी शिंपी भेटला. मुकादमाने त्यालाही सांगून बघितलं. शिंप्याने सगळं ऐकून घेतलं, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "असू दे, मुकादम. रक्ताचं नातं आहे, होतं असं. मी कुणाला बोलणार नाही." त्याच्या नजरेतला आदर गेला होता, तिथे आता नुसती कीव होती. ज्या खोट्यावर त्याने मान कमावला ते लोकांनी खरं मानलं होतं, आणि जन्मात एकदा स्वतःच्या विरुद्ध खरं बोलला तर ते कुणी फुकट घ्यायला तयार नव्हतं. मुकादमाला स्वतःची किळस आली.

तिथून तो लेकीकडे गेला. दार जावयाने उघडलं. "या बाबा, या," तो नेहमीसारखंच म्हणाला, आणि त्याला बसायला जागा करून देण्यासाठी त्याने खुर्चीवरची कपड्यांची चळत उचलून खाली ठेवली. दोन्ही खोल्यांत खोकी उघडी पडली होती. लेक भांडी कागदात गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"मी चहा टाकतो," जावई म्हणाला.

"थांबा, जावईबापू. आधी ऐका माझं." मुकादमाने सगळं सांगितलं. घड्याळ, सात, तोंडातून निसटलेले आकडे, न थांबलेली माणसं, कोपऱ्यात मोकळा होणारा पोरगा. "डाव चांगला होता," तो म्हणाला. "फार चांगला होता. मी नासवला."

जावई खाली बघत होता. "मला माहीत होतं, बाबा."

"मग बोलला का नाहीत? मला नाही तर त्या प्रमुखांना तरी सांगायचं."

"काय सांगणार? हरणारा कोच सासऱ्यावर खापर फोडतोय, असंच म्हणाले असते ना लोक? आणि तुमचं त्या हॉलमध्ये नाव आहे. मी याच संघातून खेळत होतो तेव्हापासून बघतोय. माझ्यापायी ते कशाला जायला हवं?" तो ओशाळून हसला. "कोचला काय, दुसरीकडे संघ मिळतो."

हे बोलून तो चहा करायला गेला. मुकादमाचे डोळे भरून आले. त्याने लेकीकडे बघितलं. निदान हिने तरी आता काही बोलावं, शिव्या घालाव्यात, असं त्याला वाटत होतं.

लेकीने हातातली ताटली खोक्यात ठेवली. "शुक्रवारी प्रमुखांची बायको दुकानात आली होती," ती म्हणाली. "चष्म्याचा नंबर काढायला. मी तिच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलतेय आणि ती मला सांगतेय, तुमच्या वडिलांचं मला फार कौतुक वाटतं बाई. स्वतःच्या जावयाविरुद्ध पहिला हात वर करायचा, याला छाती लागते."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तू... शनिवारी तुला ठाऊक होतं?" मुकादम म्हणाला.

"ठाऊक होतं. ह्याला सांगितलं नाही. म्हटलं, जिंकले तर कधीच सांगायचं नाही, आपल्यापाशीच ठेवायचं." तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "मोजण्याचं मी विसरले असते, बाबा. ते तुम्हाला कळलंच नव्हतं. हात वर करताना तर कळत होतं ना? आणि बुधवारी मी तुमच्यासमोर बसून, मला जायचं नाही म्हणून सांगत होते, तेव्हाही कळत होतं."

मुकादमाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

जावई चहा घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो पुढे आला, वाकला, कप मुकादमाच्या समोरच्या खोक्यावर ठेवला. जराही सांडू न देता, अगदी जपून ठेवला. मग तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

लेकीने पुढचा कागद ओढला आणि त्यात पेला गुंडाळायला घेतला.

"चहा घ्या आणि जा, बाबा," ती म्हणाली.

चहा उकळता होता. निवेपर्यंत थांबायचं मुकादमाला धैर्य झालं नाही. लेकीने चहा घ्या म्हणून सांगितलं होतं आणि या खेपेला तरी तिचं ऐकायचं होतं, म्हणून जीभ पोळत पोळत त्याने तो संपवला, रिकामा कप खोक्यावर ठेवला आणि तो निघाला.